चामड्यावरचा शाईचा डाग : काय निघतं, काय निघत नाही आणि कुठे थांबायचं

चामड्याच्या वस्तूवर शाई लागली की हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो आणि डाग चोळला जातो. बहुतेक वस्तू इथेच बिघडतात. बारीकशी रेघ असते, ती चोळून चोळून तळहाताएवढी निळसर झाक होते, आणि मग जे काही करायचं ते दहापट जागेवर करावं लागतं.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. चामड्यावरच्या रंगाच्या लेपावर बसलेली शाई काढता येते. लेप ओलांडून चामड्याच्या तंतूंत उतरलेली शाई मात्र जवळजवळ कधीच पूर्ण निघत नाही. कारण साधं आहे. चामडं रंगवायला जे रंग वापरतात आणि फाउंटन पेनच्या शाईत जे रंग असतात, ते बऱ्याचदा एकाच कुळातले, म्हणजे ॲसिड डाय या प्रकारातले असतात. दोन्ही तंतूंना सारख्याच पद्धतीने धरतात. त्यामुळे शाई तेवढी सोडवेल आणि चामड्याचा स्वतःचा रंग जागेवर ठेवेल असं द्रावण मिळत नाही. म्हणूनच सगळी मेहनत लेपावरची शाई उचलण्यात आणि तो लेप शाबूत ठेवण्यात घालायची.

पहिली पाच मिनिटं

शाई ओली असेल तर ती पुसायची नाही, टिपायची. टिपकागद, साधा पांढरा टिश्यू किंवा जुना, पांढरा, न रंगवलेला सुती कपडा घ्या. घडी करून डागावर सरळ वरून ठेवा, दोन-तीन सेकंद दाबा आणि सरळ वर उचला. बाजूला सरकवू नका. प्रत्येक वेळी कागदाची कोरी बाजू वापरा. कागदावर शाई उमटायची थांबली की टिपणं थांबवा.

बॉलपेन गळून जाडसर गोळा साचला असेल तर आधी तो उचलावा लागतो. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड तिरपी धरा आणि गोळा बाहेरून आत खरवडून वर घ्या. कड प्रत्येक वेळी पुसून घ्या, नाहीतर उचललेली शाईच परत लागते. उरलेला पातळ थर मग टिपा.

पेन पिशवीच्या आत गळलं असेल तर आधी अस्तर बाहेर ओढा. अस्तराच्या कापडात मुरलेली शाई चामड्याच्या मागच्या बाजूने आत शिरते आणि ही मागची बाजू बिनलेपाची, शोषून घेणारी असते. अस्तर आणि चामडं यांच्यामध्ये टिश्यूची जाड घडी सरकवा आणि ओली झाली की बदला. शिवणीजवळ जास्त सावध राहा. दोरा शाई ओढून घेतो आणि टाक्यांच्या भोकांतून ती दूरवर नेतो. अशा ठिकाणी टिपण्याचं काम शिवणीच्या बाजूने सुरू करून शिवणीपासून लांब जात करायचं.

या टप्प्यावर तेल, क्रीम, पॉलिश यांतलं काहीही लावू नका, हेअर ड्रायरही नको. तेलात बॉलपेनचे रंग सैल होतात आणि तेलाबरोबर खोल जातात. उष्णतेने चामडं आकसतं. ओलं चामडं कोरड्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला आकसायला लागतं, आणि एकदा आकसलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

चामडं कोणतं आहे ते आधी ठरवा

शाई कसली आहे यापेक्षाही चामडं कसलं आहे यावर निकाल जास्त अवलंबून असतो. वस्तूच्या झाकलेल्या भागावर, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या टोकाला, झडपेच्या खाली किंवा सोफ्याच्या मागच्या कडेला डिस्टिल्ड वॉटरचा एकच थेंब ठेवा आणि मिनिटभर बघा.

थेंब मोत्यासारखा गोल राहिला आणि पुसल्यावर खाली काहीच ओलावा दिसला नाही, तर वर रंगाचा आणि लॅकरचा लेप आहे. बाजारातल्या बहुतेक बॅगा, पाकिटं, सोफे आणि गाड्यांच्या सीट या प्रकारात मोडतात. अशा वस्तूंवर आशा ठेवायला जागा आहे.

थेंब हळूहळू आत गेला आणि तिथे गडद ठिपका झाला, तर चामडं उघडं किंवा अगदी पातळ लेपाचं आहे. यालाच ॲनिलिन किंवा सेमी-ॲनिलिन म्हणतात. नखाने हलकं ओढल्यावर फिकट रेघ उमटली तर शंका उरत नाही. वनस्पतीज कमावणीचं, म्हणजे झाडांच्या सालींतल्या टॅनिन या द्रव्याने टिकाऊ केलेलं, नैसर्गिक रंगाचं चामडंही असंच वागतं. इथे शाई लागताक्षणी तंतूंत जाते.

पृष्ठभाग मखमलीसारखा लवदार असेल तर ते स्वेड किंवा न्यूबक. आरशासारखी चकाकी असेल तर पेटंट लेदर. आणि कापलेल्या कडेला तंतूंऐवजी विणलेलं कापड दिसत असेल तर ते चामडंच नाही, रेक्झिन आहे. या प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे आणि एकाची दुसऱ्यावर चालवली की नुकसान होतं.

अजून एक अपवाद. खूप जुन्या, वनस्पतीज कमावणीच्या पुस्तकांच्या बांधण्या किंवा पेट्या यांवर बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी लागत असेल, तर अशा चामड्याला पाणीही लावू नका. ते ओलं झालं की काळं पडतं आणि कडक होतं. तिथे डाग राहू देणंच शहाणपणाचं.

शाई कोणती आहे

बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट असते. तिच्यातले रंग बेंझिल अल्कोहोल किंवा फेनॉक्सिइथेनॉल यांसारख्या सावकाश उडणाऱ्या द्रावकांत विरघळलेले असतात. म्हणून अल्कोहोल तिच्यावर चालतं आणि पाणी चालत नाही. सुरुवातीचे काही तास ती लेपाच्या वर असते. नंतर तिच्यातलाच द्रावक लेप किंचित मऊ करतो आणि रंग त्यात उतरतो. बॉलपेनचा डाग चोवीस तासांच्या आत हाताळायला सांगतात ते यासाठीच.

फाउंटन पेनची शाई पाण्यातली असते, त्यामुळे लेपावरून ती पाण्याने निघते आणि उघड्या चामड्यात पाण्यासारखीच धावते. यातली आयर्न गॉल शाई वेगळी काढायला हवी. तिच्यात लोहाचा क्षार आणि टॅनिन असतं आणि हवेत ती काळी पडत जाते. वनस्पतीज कमावणीच्या चामड्यात टॅनिन भरपूर असतंच, म्हणून तिथे तिचा डाग काळानिळा आणि पक्का होतो.

जेलपेनमध्येही पाणीच असतं, पण रंग बहुधा घन कणांच्या रूपात असतो. हे कण अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, चामड्याच्या रंध्रांत अडकून बसतात. परमनंट मार्करमध्ये रंगाबरोबर राळ असते आणि ती लेपाला चिकटते. शिक्क्याच्या पॅडची शाई ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनमुळे सावकाश वाळते, त्यामुळे टिपायला वेळ जरा जास्त मिळतो.

हाताशी काय लागेल

पांढरा कापूस, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, काही दातकोरण्या, पांढरे टिश्यू, दोन-तीन मऊ पांढरी सुती फडकी, डिस्टिल्ड वॉटर, सौम्य, न्यूट्रल पीएचचा द्रव साबण किंवा लहान मुलांचा शॅम्पू, 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, चामड्यासाठीचं कंडिशनर आणि हातमोजे. सगळं पांढरं सांगण्यामागे कारण आहे. कापसावर कोणता रंग उतरतोय हेच या कामातलं मुख्य मोजमाप असतं आणि रंगीत फडक्यावर ते कळत नाही. शिवाय अल्कोहोलने फडक्याचाच रंग सुटून चामड्याला लागू शकतो.

आयसोप्रोपिल 99 टक्क्यांचंही मिळतं, पण ते घेऊ नका. ते लेपावर झपकन चालतं आणि तुम्हाला थांबायला वेळच देत नाही. 70 टक्क्यांच्या द्रावणात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की साधारण 35 टक्क्यांचं होतं. सुरुवात नेहमी त्याने करायची. 10 मिलिलिटर आणि 10 मिलिलिटर पुरे आहेत, याहून जास्त लागलं तर काहीतरी चुकतंय. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास कसलीही ज्योत नको, कारण अल्कोहोलची वाफ घरातल्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेते.

लेपाच्या चामड्यावर बॉलपेन : पूर्ण पद्धत

बहुतेकांना लागणारी पद्धत हीच, म्हणून सावकाश सांगतो.

1. वस्तू सपाट ठेवा, डाग वर. बॅग असेल तर आत कागद भरा. खालून आधार नसला की चामडं दबतं, सुरकुती पडते आणि द्रव त्या सुरकुतीत साचतो. उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या, म्हणजे चकाकीतला बदल लगेच दिसतो.

2. झाकलेल्या जागी चाचणी घ्या. 35 टक्क्यांच्या द्रावणात कापसाची काडी बुडवून टिश्यूवर टेकवा, जादा द्रव निघू द्या. काडी चामड्यावर दहा सेकंद ठेवा आणि दोन वेळा फिरवा. कापूस कोरा राहिला आणि पंधरा मिनिटांनी जागा वाळल्यावर चकाकी तशीच दिसली, तर पुढे जा. कापसावर चामड्याचा रंग आला किंवा जागा चिकट लागली तर अल्कोहोलचा विचार सोडा आणि पुढच्या पायरीतल्या साबणाच्या फेसापर्यंतच थांबा.

3. आता फेस. 100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे चार-पाच थेंब टाका, स्पंज बुडवून पिळा आणि दाबून दाबून फेस काढा. चामड्याला फक्त फेस लावायचा, पाणी नाही. डागावर आणि भोवतीच्या दोन बोटं जागेवर अर्धा मिनिट हलकेच थापा, ओलसर फडक्याने उचला, कोरड्याने टिपा. याने जुनं पॉलिश आणि हाताचा चिकटपणा जातो. हा थर ठेवून अल्कोहोल लावलं की पॉलिश विरघळतं, शाई त्यात मिसळते आणि डागाभोवती कडं उमटतं.

4. चामड्यावरची शाई काढायची खास कांडी मिळाली तर अल्कोहोलच्या आधी ती वापरा. ताज्या बॉलपेनवर ती चांगली चालते. एक-दोनदा ओढायची, वेष्टनावर सांगितलं असेल तेवढं थांबायचं आणि कोऱ्या फडक्याने उचलायचं. लावून विसरून जायची वस्तू नाही ती.

5. मग अल्कोहोल. काडी बुडवा, टिश्यूवर टेकवा. काडीला ओल हवी, पण दाबल्यावर थेंब सुटता कामा नये. डागाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या दिशेने काडी लोळवा, घासू नका. बोटांत धरून अर्धा वेढा, फार तर एक वेढा. लोळवल्याने शाई कापसावर उचलली जाते, घासल्याने ती पुढे ढकलली जाते. एक वेढा झाला की काडी बघा आणि टाकून द्या. एका लांब रेघेला वीस-पंचवीस काड्या लागणं अगदी रास्त आहे. इथे काटकसर केली की वापरलेल्या काडीतली शाई पुन्हा चामड्यावर जाते.

6. दर दोन-तीन काड्यांनंतर कोरड्या टिश्यूने टिपा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. अल्कोहोलने लेप थोडा फुगतो, मऊ पडतो. द्रावक उडाला की तो पुन्हा घट्ट होतो. मऊ असताना त्यावर परत काडी फिरवली की लेपच उचलला जातो. काम बिघडण्याचं सर्वात मोठं कारण ही घाई आहे.

7. डागात काहीच फरक पडत नसेल आणि झाकलेल्या जागी 70 टक्क्यांची वेगळी चाचणी नीट पार पडली असेल, तरच 70 टक्क्यांवर जा. तीच काडी, तोच अर्धा वेढा, पण थांबण्याचा वेळ पाच मिनिटं.

बॉलपेनने फक्त शाई लागत नाही, टोकाच्या दाबाने खाचही पडते, आणि शाई त्या खाचेच्या तळाशी बसते. जाड काडी वरून जाते, तळाला टेकतच नाही. अशा वेळी दातकोरणीच्या टोकाला कापसाचे मोजके तंतू गुंडाळा, इतके कमी की खालचं लाकूड जेमतेम झाकलं जाईल. हे टोक ओलसर करून खाचेच्या रेषेत फिरवा. भिंग असेल तर घ्या. खाचेच्या दोन्ही काठांवरचा लेप हातचा न जाता तळातली शाई उचललेली त्यात स्पष्ट दिसते.

कापूस काय सांगतो ते वाचत राहा. आधी तो गडद निळा होईल, मग फिकट, मग बऱ्याचदा जांभळट. निळ्या आणि काळ्या बॉलपेनमध्ये मिथिल व्हायोलेटसारखे जांभळे रंग असतात, त्यामुळे शेवटी जांभळी झाक दिसणं स्वाभाविक आहे, नवा डाग पडला असं समजू नका. कापसावर तपकिरी, लाल, तांबडा असा चामड्याचाच रंग दिसला तर त्या क्षणी थांबा. तसंच पृष्ठभाग निस्तेज झाला किंवा बोटाला चिकटायला लागला तरी थांबा. आणि लागोपाठ तीन काड्या कोऱ्या निघाल्या, डाग मात्र तसाच आहे, तर उरलेली शाई लेपाच्या आत आहे. तिथून पुढे जे निघेल तो लेप असेल.

राहिलेल्या फिकट जांभळ्या झाकेबद्दल एक दिलासा आहे. हे रंग उजेडाला टिकत नाहीत आणि काही महिन्यांत आपसूक फिके होतात. म्हणून वस्तू मुद्दाम उन्हात मात्र ठेवू नका, चामड्याचा रंगही उडतो आणि ते कोरडं पडून भेगाळतं.

बाकीच्या शाया, लेपाच्या चामड्यावर

फाउंटन पेनच्या शाईला अल्कोहोल आधी लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेला कापूस बाहेरून आत लोळवा, टिपा, कापूस बदला. मग फेस. ताजा डाग लेपावरून बहुतेक याने जातो. उरलेल्या निळ्या कडेला 35 टक्क्यांचं अल्कोहोल एकदाच लावून बघा. शाई पुसायची रासायनिक पेनं कागदासाठी असतात. ती अल्कधर्मी असतात आणि चामडं स्वभावाने आम्लधर्मी, म्हणून ती इथे वापरू नका.

जेलपेनच्या डागावर फेस आणि अगदी मऊ केसांचा ब्रश, एवढंच. रंगाचे कण सैल करून फेसात उचलायचे. ते रंध्रांत वाळून बसले असतील तर अल्कोहोलने फारसं काही होत नाही. शिक्क्याच्या शाईला आधी फेस आणि नंतर 35 टक्क्यांचं अल्कोहोल. छापील कागदाची काळी पुसट शाई नुसत्या फेसाने जाते.

परमनंट मार्करबाबत स्पष्टच सांगायला हवं. त्याची राळ आणि लेपाची राळ दोन्ही अल्कोहोलमध्ये मऊ होतात, म्हणून मार्कर निघताना लेपही थोडा निघतोच. लहान ठिपका असेल तर वरच्या पद्धतीने फिकट करा आणि रंग देण्याच्या तयारीने काम करा. व्हाइटबोर्डच्या मार्करने वर गिरवून पुसायची युक्ती काच किंवा बोर्डावर चालते, चामड्यावर ती दुसरा डाग पाडते.

उघडं चामडं, स्वेड, पेटंट, रेक्झिन

ॲनिलिनवर ताजी शाई कोरडी टिपणं हाच खरा उपाय आहे. त्यानंतर हवा तर फेस, तोही शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्ख्या भागावर सारखा, म्हणजे ओलाव्याचं कडं पडणार नाही. अल्कोहोल इथे शाईबरोबर चामड्याचा रंगही विरघळवतं आणि निळ्या रेघेच्या जागी फिकट चट्टा उरतो. निळी रेघ माणूस विसरतो, चट्टा नजरेत भरतो. गडद वस्तू असेल तर काही न करणं हा चांगला निर्णय आहे. फिकट वस्तू असेल तर पूर्ण भाग गडद रंगवणं शक्य असतं. डाय फक्त गडदाकडे नेता येतो, फिकटाकडे नाही.

न रंगवलेल्या, वनस्पतीज कमावणीच्या चामड्यावर लोहाचा काळानिळा डाग असेल तर कारागीर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण वापरतात, ते लोह बांधून काढतं. पण हे रसायन विषारी आहे, ते अख्ख्या तुकड्यावर लावून नंतर नीट धुवावं लागतं, आणि शिवलेल्या, तयार वस्तूवर ते करता येत नाही.

स्वेड आणि न्यूबकवर शाई आधी पूर्ण वाळू द्या. मग स्वेडसाठीचं खोडरबर एकाच दिशेने हलकं चालवा आणि लव ब्रशने उभी करा. लवेच्या टोकावर असलेली बॉलपेनची रेघ यात बरीच जाते. राहिलं तर 400 ते 600 नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने, बोटाच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता, दोन-तीन हलके हात. स्वेडची लव लांब असते, त्याला हे सोसतं. न्यूबकची लव अगदी आखूड असल्यामुळे तिथे थोडं जास्त झालं की टक्कल दिसतं. अल्कोहोल लावायचंच असेल तर पिळलेल्या फडक्याने टिपत लावा आणि वाळल्यावर ब्रश करा.

पेटंट लेदरवरचा प्लास्टिकसारखा थर शाईचे रंग आत ओढून घेतो, आणि त्यात गेलेली शाई परत बाहेर येत नाही. पहिल्या तासाभरात ओलसर काडीने जे निघेल तेवढंच. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की चकाकी जाते आणि ती घासून परत आणता येत नाही.

रेक्झिनचे दोन प्रकार आहेत. पीव्हीसीचं रेक्झिन अल्कोहोल बऱ्यापैकी सोसतं, पण त्यात मऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांबरोबर शाईचा रंग खोल जातो, म्हणून तिथे वेळ महत्त्वाचा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, थर पातळ असतो, तो वारंवार अल्कोहोलने तडकतो आणि सोलून निघतो. फेस आणि एक-दोन काड्या, त्याहून जास्त नाही.

घरगुती उपायांचं काय

नेलपॉलिश रिमूव्हरने सर्वात जास्त वस्तू खराब होतात. त्यातलं ॲसिटोन शाई काढतंच, पण लॅकर आणि रंगाचा लेपही काही सेकंदांत विरघळवतं. हेअर स्प्रेची ख्याती त्यातल्या अल्कोहोलमुळे आहे. त्यातलं चिकट पॉलिमर चामड्यावर राहतं आणि धूळ धरतं. शिवाय फवारा डागापुरता राहत नाही. साधं अल्कोहोल काडीवर घेता येत असताना त्याची गरज नाही. हँड सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल असतं आणि जेल असल्यामुळे ते वाहत नाही हे खरं, पण त्यातले घट्ट करणारे पदार्थ आणि ग्लिसरीन मागे राहतात. नाइलाजाने वापरलंच तर नंतर फेसाने जागा स्वच्छ करा.

टूथपेस्ट आणि तो पांढरा, जादूचा म्हणून विकला जाणारा मेलामाइनचा स्पंज, दोन्ही घासूनच काम करतात. डाग गेल्यासारखा वाटतो तो लेप झिजल्यामुळे, आणि ती जागा कायमची मंद दिसते. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे. ब्लीच चामड्याच्या तंतूंवरच हल्ला करतं. लिंबू, व्हिनेगर आणि दूध यांचा बॉलपेनवर उपयोग नाही. दुधाचा अंश शिवणीत राहून वास येतो तो वेगळाच.

डाग गेल्यावर

जागा चोवीस तास मोकळ्या हवेत वाळू द्या, पंख्याचा थेट झोत नको. अल्कोहोलने चामड्यातली थोडी स्निग्धता जाते, म्हणून नंतर कंडिशनर लागतं. वाटाण्याएवढं फडक्यावर घ्या, आधी फडक्यातच चोळा आणि मग पूर्ण भागावर पातळ पसरवा. डागाच्या जागीच लावलं तर तेवढीच जागा गडद होते. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसा. जागा अजून रुक्ष वाटली तर दुसऱ्या दिवशी आणखी एक पातळ हात. स्वेड आणि न्यूबकला क्रीमचं कंडिशनर लावायचं नाही, लव चिकटते.

शाई राहिलीच तर रंग देणं

लेपाच्या चामड्यावर उरलेला डाग झाकता येतो. पण नुसता रंग लावला की बॉलपेनची शाई काही दिवसांत त्यातूनही वर येते, कारण तिचे रंग नव्या ओल्या थरात विरघळतात. म्हणून मध्ये सील करणारा थर लागतो. क्रम असा : अल्कोहोलच्या हलक्या हाताने जागा तेलमुक्त करा, 1000 ते 1200 नंबरच्या कागदाने अगदी नावापुरती घासा, भुकटी पुसा. मग चामड्यासाठीचा सीलर किंवा प्रायमर पातळ लावा आणि पूर्ण वाळू द्या. त्यावर पाण्यातला पिगमेंट रंग लहान स्पंजने थापत, चार ते सहा पातळ थरांत द्या, प्रत्येक थरानंतर पंधरा-वीस मिनिटं. जाड थर वळणावर भेगा पाडतो. रंग जुळतो का हे ओल्या ठिपक्यावरून ठरवू नका. कागदावर ठिपका देऊन वाळवा आणि मग चामड्याशेजारी धरा. शेवटी मूळ वस्तूच्या चकाकीप्रमाणे मॅट किंवा ग्लॉस फिनिशचा एक थर. ती जागा चोवीस तास वाकवायची नाही.

मोठा डाग, फिकट ॲनिलिन किंवा महागडी वस्तू असेल तर हे काम करणाऱ्याकडे द्या, आणि हातात देण्याआधी दोन गोष्टी विचारा : शाई काढणार की वरून रंग देणार, आणि रंग देणार असाल तर मध्ये सीलर लावता का. तुम्ही स्वतः आधी काय काय लावलं तेही सांगा. हेअर स्प्रेचा किंवा सिलिकॉन असलेल्या पॉलिशचा अंश राहिला असेल तर रंग तिथे धरत नाही, आणि हे त्याला आधी कळलं तर तो जागा वेगळ्या द्रावकाने साफ करून मगच सुरुवात करतो.